कॅप आमची, घाम तुमचा

"'कॅप' हा शब्द राहणार. त्यावर चर्चा नको," ग्रेग म्हणाला आणि त्याने माझी स्लाइड न वाचताच पुढे सरकवली.

ग्रेग आमचा प्रॉडक्ट डायरेक्टर. आमची कंपनी ह्यूस्टनमध्ये घरगुती वीज विकते आणि मी तिथे प्रायसिंग अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे वीज कोणाला कुठल्या दराने विकली तर कंपनी बुडणार नाही, हे मी सांगायचं. ग्राहक बुडेल का, हे कोणी विचारत नाही.

टेक्सासमध्ये वीज कोणाकडून घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तारा त्याच, खांब तेच, वीजही तीच. बदलते ती फक्त बिल पाठवणारी कंपनी. सगळ्यांकडे विकायला एकच वस्तू, त्यामुळे प्रत्येकीला दरवर्षी नवीन नाव शोधावं लागतं. आम्हाला त्या वर्षी 'कॅप' सापडली. बाहेर कितीही उकडो, महिन्याचं बिल ठरलेल्या आकड्याच्या वर जाणार नाही.

अट एकच होती. कंपनीचा थर्मोस्टॅट, म्हणजे एसी किती गार करायचा हे ठरवणारी भिंतीवरची डबी, घरात बसवून घ्यायचा. उन्हाळ्यात दुपारी बाजारात वीज महाग झाली की आमचा कॉम्प्युटर त्या डबीवरचा आकडा लांबूनच वर सरकवणार आणि तुमचं घर काही तास गरम राहणार. याला कंपनीत 'कम्फर्ट इव्हेंट' म्हणतात. माणसाला घाम फुटतो त्याला कम्फर्ट म्हणायला मार्केटिंगचीच छाती लागते. तुम्ही मध्येच एसी गार केलात, तर त्या महिन्याची कॅप रद्द. थोडक्यात, ज्या दुपारच्या भीतीने माणूस हा प्लॅन घेतो, त्याच दुपारी तो एसीला हात लावू शकत नाही.

"ही अट जाहिरातीत मोठ्या अक्षरात टाकूया," मी म्हणाले.

"लीगल डिपार्टमेंटने टाकली आहे."

"मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात."

"लोक वाचत नाहीत, हा आपला दोष नाही," ग्रेग म्हणाला. "तू शुगर लँडला राहतेस ना? जाहिरातीच्या व्हिडिओसाठी तुमच्या कम्युनिटीतलं एखादं गोड म्हातारं जोडपं बघ."

गोड म्हातारं जोडपं मला शोधावं लागलं नाही. त्याच आठवड्यात अशोककाकांचा फोन आला. काका आणि सुमनकाकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात. काका रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. काकूंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीर जरासं तापलं तरी नसा काम करेनाशा होतात. पाय उचलत नाहीत, जीभ जड होते. गारव्यात काही वेळ बसलं की बहुतेकदा सगळं पूर्ववत होतं. त्यामुळे एसी ही काकूंच्या घरात चैन नाही, औषध आहे.

काकांचा सध्याचा प्लॅन बाजाराप्रमाणे दर बदलणारा होता. आदल्या उन्हाळ्यात बिलाने त्यांची झोप उडवली होती. तेव्हापासून ते मीटरचं अ‍ॅप उघडून बसत आणि येताजाता एसी एक-एक डिग्री वर करत. काकू गुपचूप खाली करत. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिलं खरं भांडण, असं काकू म्हणायच्या.

"मनीषा, तुमचा तो कॅपवाला प्लॅन घेऊ का?" काकांनी विचारलं. "निखिल म्हणतो, आजच स्विच करा."

निखिल हा त्यांचा मुलगा. तो दूर उत्तरेला, बेलव्ह्यूला एका टेक कंपनीत आहे. बेलव्ह्यूचा उन्हाळा म्हणजे आमच्याकडचा सुखद मार्च. काकांनी त्यालाही फोनवर घेतलं.

"काका, अट ऐकलीत का? दुपारी एसी तुमच्या हातात नसतो," मी म्हणाले.

"मनीषाताई, इट्स अ नो-ब्रेनर," निखिल म्हणाला. "मी सगळं मॉडेल केलंय. इव्हेंट फक्त दुपारीच असतो. आईने तेवढा वेळ फॅन लावावा, आइस पॅक घ्यावा. इट्स जस्ट अ फ्यू डिग्रीज."

"तू शेवटचा ऑगस्टमध्ये कधी आला होतास?"

"दॅट्स नॉट द पॉइंट."

तोच पॉइंट होता. पण मी कंपनीची नोकर. आमचा प्लॅन घेऊ नका, असं ग्राहकाला उघड सांगणं माझ्या नोकरीत बसत नव्हतं. तरी मी सांगितलं. काका म्हणाले, "आकडा ठरलेला असला की मला शांत झोप लागेल गं." त्या आवाजापुढे माझं गणित चाललं नाही. शेवटी मीच सुचवलं, सही करण्याआधी एक दिवस वापरून बघा. कंपनीला शूटिंगसाठी घर हवंच आहे. ते थर्मोस्टॅट लावतील, इव्हेंट करून दाखवतील. नाही पटलं तर काढून नेतील.

काकूंच्या आजाराबद्दल मी ग्रेगला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "उत्तमच. आजारी आई आणि सुरक्षित बिल. स्टोरी आहे यात." असं बोलताना त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता.

शूटिंगचा दिवस नेहमीच्या ऑगस्टसारखा होता. अंगणातलं गवत वाळून कडक झालेलं, गाडीच्या दाराला हात लागला की चटका. ग्रेग ब्लेझर घालून आला. कॅमेरावाल्याने पडदे ओढले, दिवे लावले. काकूंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती, कारण ग्रेगला 'ऑथेंटिक' हवं होतं. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं, "विथ द कॅप, वी आर ऑलवेज कम्फर्टेबल."

ग्रेगने ऑफिसला फोन करून इव्हेंट सुरू करायला लावला. एसी गप्प झाला.

पहिला टेक चांगला झाला, पण कॅमेरावाल्याला काकूंच्या चष्म्यावर दिव्याची चमक दिसली. दुसऱ्या टेकला ग्रेगला हसू कमी वाटलं. तोवर त्याने ब्लेझर काढला होता. मग टाय सैल केला. मग तो काकूंसाठी मुद्दाम लावलेला पंखा स्वतःकडे वळवून उभा राहिला. मी तो परत काकूंकडे वळवला.

"आता थांबवूया," मी म्हणाले.

"एकच टेक."

तिसऱ्या टेकला काकूंना 'कम्फर्टेबल' म्हणता येईना. जीभ अडखळली. त्या मराठीत म्हणाल्या, "मला आत ने गं." उठायला गेल्या आणि उजवा पाय खालून गेल्यासारखा झाला. मी एका बाजूने धरलं, कॅमेरावाला कॅमेरा सोडून दुसऱ्या बाजूने धावला. आम्ही त्यांना सोफ्यावर आडवं केलं. अंग तापलेलं होतं.

ग्रेग रुमालाने मान पुसत म्हणाला, "कॅन समबडी प्लीज टर्न ऑन द एसी?"

काका भिंतीपाशी होतेच. त्यांनी बटण दाबलं. डबीच्या स्क्रीनवर अक्षरं आली. इव्हेंट बंद केल्यास या महिन्याची कॅप रद्द होईल. पुढे जायचं का?

काकांचं बोट हवेतच राहिलं. हा फक्त डेमो होता. त्यांनी सही केली नव्हती, जाण्यासारखी कुठलीही कॅप त्यांच्याकडे नव्हती. तरी ते थांबले. असेल दोन-तीन सेकंद. पण त्या खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

"अहो," सोफ्यावरून काकू जड जिभेने म्हणाल्या, "विचार कसला करताय? दाबा."

काकांनी दाबलं. मग तिथेच भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले. एसी सुरू झाला तरी वळेनात. मी ओले नॅपकिन आणले, दिवे बंद करायला लावले. तासाभराने काकूंना बोट धरून बाथरूमपर्यंत जाता आलं. काका त्यांच्या पायाशी बसून होते. "मला कळलंच नाही गं मी काय करत होतो," एवढंच ते म्हणाले. काकूंनी त्यांचा हात धरला.

निघताना ग्रेग मला दारात म्हणाला, "डोन्ट वरी. एडिट करू."

संध्याकाळी निखिलचा फोन आला. "आइस पॅक नव्हता का लावला?" त्याने विचारलं. काकूंनी फोन मागून घेतला. "निखिल, माझे पाय गेले होते. तुझ्या मॉडेलमध्ये ते कुठे बसतं ते बघ आणि मला सांग," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तो विमानाने आला आणि आल्या आल्या म्हणाला, "इट्स सो हॉट हिअर." काकूंनी त्याला पाणी दिलं.

काकांनी दुसऱ्या कंपनीचा साधा फिक्स्ड रेटचा प्लॅन घेतला. युनिटचा दर वर्षभर तोच, डबी आपली, बोटही आपलं. बिल उन्हाळ्यात वाढतं. काका ते भरतात आणि मीटरचं अ‍ॅप त्यांनी फोनमधून काढून टाकलंय.

ऑफिसमध्ये मी लेखी मागणी केली की आजारी माणूस असलेल्या घरांना हा प्लॅन विकू नये. ग्रेग म्हणाला, तो भेदभाव होईल. लीगलने मात्र दखल घेतली. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आणखी एक ओळ वाढली, 'आरोग्याची तक्रार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' व्हिडिओ पुन्हा शूट झाला, डॅलसच्या एका स्टुडिओत. त्यातली आजी-आजोबांची जोडी पगारी होती, आणि स्टुडिओतला एसी इतका कडक होता की दोघांनी स्वेटर घातले होते. प्लॅन धडाधड विकला गेला. ग्रेगला प्रमोशन मिळालं. मला रिपोर्टिंगच्या कामावर टाकलं, तिथे ग्राहकांशी बोलावं लागत नाही.

लोक अजून विचारतात, कॅपवाला प्लॅन घेऊ का? मी म्हणते, घरातला सगळ्यात अशक्त माणूस कोण, ते आधी बघा. मग भर ऑगस्टच्या दुपारी एसी बंद करून त्याच्या शेजारी बसा. विकणाऱ्यालाही बसवा. तो आधी उठेल.