पिते मीच

“बाई, मिस्टरांना आत पाठवा. तुम्ही व्हरांड्यात थांबा.”

नागपुरात धंतोलीतल्या एका शाळेचा वर्ग. रविवारची सकाळ. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा तिथं भरायची. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक साहेब ती चालवायचे. आत सगळे पुरुष. इस्त्रीचे कपडे, तेल लावलेले केस. मी दारात.

मी म्हणाले, “मिस्टर वारले. पिते मीच.”

कोणीतरी फिसकन हसलं. कोण, ते पाहायची हिंमत झाली नाही.

मी जवळच्याच एका दवाखान्यात आया होते. बाळंतिणींच्या खोलीत काम. रक्ताच्या चादरी धुवायच्या. कधी मेलेलं मूल फडक्यात गुंडाळून बाहेर न्यायचं. डबा उघडला की हाताला तोच वास. साबणानं जायचा नाही. सोबतच्या बाईनं एकदा मोहाची दारू दिली. म्हणाली, “घोटभर घे वं. मंग वास नाही येत.” खरंच आला नाही. मग घोटाचा गिलास झाला. पुढं गिलासाला कारण लागेनासं झालं.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर माझ्या बापानं घरातली दारूची मडकी अंगणात फोडली होती. त्या बापाची मी लेक. विहारात वंदनेला पहिली चार शीलं सगळ्यांसोबत म्हणायची. पाचवं दारूचं. तिथं ओठ मिटून घ्यायची. बाजूला माझी पोरगी बसायची. तिला कळायचं. ती पाचवं शील आणखी मोठ्यानं म्हणायची.

मग एक दिवस दवाखान्यात माझ्या हातून गरम पाण्याची बादली सुटली. कोणाला भाजलं नाही. पण डॉक्टरांची बायको धावत आली. पेशंट, नातेवाईक, सगळे बघत असताना म्हणाली, “तोंड उघड. श्वास सोड.”

मी सोडला. तिनं पदर नाकाला लावला.

“बघा. असल्या बायकांच्या हातात बाळं द्यायची आम्ही.”

वास येतच होता.

केरळकडची एक सिस्टर होती. तिनं मला ड्रेसिंगच्या खोलीत नेऊन सांगितलं, “संडे को सामने स्कूल में मीटिंग होता है. पीनेवाला लोग बैठता है, छोड़ता है. तुम जाव.”

म्हणून मी त्या दारात उभी होते.

शेवटी साहेबांनी बसू दिलं. मागं, दाराजवळच्या बाकावर. एकेक जण उठून आपलं सांगू लागला. एका वकिलानं पिऊन बायकोचा हात मोडल्याचं सांगितलं आणि रडला. साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “हा आजार आहे. लाज बाळगू नका.” माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालं. वाटलं, हे मलाही सांगून राहिले.

मी उठले. बोलले. हाताचा वास, मोहाची, पोरगी, सगळं. साहेबांनी विचारलं, कुठं राहता? मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

“बाई, स्पष्ट सांगतो. तुमच्या लोकांत हे चालतंच. त्याला आजार कसं म्हणायचं? तुम्हाला इथं काही उपयोग व्हायचा नाही.”

मघाशी रडलेला वकीलही मान हलवत होता.

मी निघाले ती घरी गेलेच नाही. गुत्त्यावर गेले. प्याले. पिता पिता वाटलं, साहेब खरंच बोलले. हेच आपलं. आजही सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते. डॉक्टरांच्या बायकोनं हुंगल्याची नाही, कोणी हसल्याची नाही. मी त्यांचं खरं मानलं, त्याची.

संध्याकाळी पोरगी मला न्यायला आली. गुत्तेवाला तिला म्हणाला, “आज मायले नेऊन राहिली. उद्या तूच येशील वं. तुमच्यात चालतेच.”

तेच वाक्य. सकाळी साहेबांच्या तोंडी, आता याच्या. माझ्यावरून घसरत ते माझ्या पोरीपर्यंत पोचलं होतं. मी गिलास जमिनीवर ओतला. तिचा हात धरून बाहेर आले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बाकावर नाही, पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसले.

“बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना?”

मी उठले. अख्खा आठवडा पोटात दारू नव्हती.

“साहेब, तुम्ही प्याले त आजार. मी प्याली त जात. असं काहून?”

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं.

“माह्या बापानं मडकी फोडली. आमच्यात नाही चालत. मी चालवलं, म्हणून मी आली. हाकलायचं असंल त हात धरून हाकला.”

मला हात लावायला कोणी उठलं नाही. मी बसले. माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

मी अजून जाते. लाज गेलेली नाही. जाणारही नाही. ती माझी आहे, मी वागवीन. पण मी प्याले ते मी प्याले. ते माझ्या लोकांवर, माझ्या पोरीवर कोणी टाकू पाहील, तर मी त्याच्यासमोर उभी राहीन. शुद्धीत.