उघडा ठेवलेला जोड

निलेश ठाकूरच्या गॅरेजात गेलेल्या माणसाला आधी वाईट बातमी मिळते, मग चहा. पेणहून वडखळकडे जाताना रस्त्याला लागूनच ते गॅरेज आहे आणि आसपासच्या गावांत त्याची ही ख्याती. त्याच्या आईला, रोहिणीला, मात्र ती ख्याती कमी आणि खोड जास्त वाटायची.

पूर्वी पनवेलच्या मोठ्या गॅरेजात तो चांगला रुळला होता. तिथे एका जुन्या गाडीच्या किलोमीटरचा आकडा मालकाने मागे फिरवायला सांगितला, तेव्हा हातातला पाना ठेवून तो थेट घरी आला. "आकडे फिरवायला मेकॅनिक कशाला पायजे, आई?" एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला.

मग त्याने स्वतःचं हे गॅरेज टाकलं नि असेल तो पैसा घालून एक इंजिन आणलं. अपघातात चेपलेल्या एका परदेशी स्पोर्ट्स गाडीचं, टर्बोचं, शर्यतीच्या ताकदीचं. पार सुटं केलं. रिंगा नव्या, बेअरिंग नवी, हेड तपासून बसवलेलं. खोट एकच होती. ज्या भिंतीआड इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं, तिला धक्क्याने केसाएवढी चीर गेली होती. ती त्याने आर्गन वेल्डिंगने भरून घेतली आणि त्या जोडाभोवती पांढऱ्या मार्करने ठसठशीत वर्तुळ काढलं. गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा तेच दाखवायचा. गिऱ्हाईक वर्तुळ बघायचं, मान हलवायचं आणि गाडी वळवायचं.

"अरे, आधी आवाज तरी ऐकव त्यांना."

"आवाजाला माणूस भुलतो, आई. मग जोड दिसत नाय."

अशात पनवेलहून पुन्हा बोलावणं आलं. रोह्याचा ऋत्विक नावाचा मुलगा रविवारी इंजिन बघायला येणार होता. "त्याने नाय घेतलं तर शटर ओढतो नि जातो पनवेलला," निलेश म्हणाला.

"आकडे फिरवायला?"

निलेशने पाना उचलला नि तो इंजिनाकडे वळला. रविवारी इंजिन खपलंच पाहिजे, हे रोहिणीने तेव्हाच मनाशी धरलं.

रविवारी दुपारी निलेश पाहुण्यांना आणायला वडखळच्या नाक्यापर्यंत गेला. रोहिणी गॅरेजात एकटी राहिली. समोर स्टँडवर इंजिन होतं, त्यावर ते वर्तुळ, आत खडबडीत जोड. तिचं माहेर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्याचं. साच्यातून निघालेल्या मूर्तीचा सांधा भरायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि वरून रंग द्यायचा, हे ती परकरात असल्यापासून करत आलेली. सांधा दिसला की काम कच्चं, असं तिचे वडील म्हणत. जोड पक्का आहे असं निलेशच म्हणतो ना, मग तो दिसला काय नि न दिसला काय? कॉलेज शिकलेल्या रोहिणीने मनाची अशी समजूत घातली आणि वर्तुळ पुसलं. फळीवरची पुट्टी अंगठ्याने दाबून भरली, पेपरने घासली, आणि ती सगळी बाजू चंदेरी रंगाने फवारली. हात इतका सरावलेला, की कुठे काय होतं ते तिलाही ओळखू येईना.

पाहुणे आले. ऋत्विक पंचविशीचा, घाटातल्या मोटारशर्यतींत उतरणारा. सोबत त्याचे काका पुंडलिक, धाटावच्या एका कंपनीत कामाला. निलेश दारातच थबकला. त्याने इंजिनकडे पाहिलं, मग आईकडे.

"वा! मखरात बसवायचं का गाडीत?" पुंडलिक हसले.

"काका, आधी एक सांगायचंय..."

"सांग मागनं. चालू तर कर."

इंजिन गरजलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं. ऋत्विकचा चेहरा उजळला, आणि थोड्याच वेळात उतरला. चंदेरी अंगातून धूर निघत होता. जळका, उग्र वास आला. निलेशने झटकन इंजिन बंद केलं.

पुंडलिकांनी कडेला बोट टेकवलं, चटका बसला तसं मागे घेतलं. बोटाला चांदी लागली होती. "ओला रंग! फोनवर म्हणालास जोड उघडा ठेवलाय. कुठं हाय? आत माती नि वर चांदी. रंगवण्यात पेणकरांचा हात कोण धरणार!"

"रंग मी मारला," निलेश म्हणाला.

कधी खोटं न बोललेला मुलगा रोहिणीसाठी खोटं बोलत होता. आता ही गोष्ट रोह्यापासून नागोठण्यापर्यंत प्रत्येक गॅरेजात जाणार, आणि मग पनवेलशिवाय त्याला दुसरी वाट उरणार नाही.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "मी मारला. पुट्टीही मीच भरली. त्याने वर्तुळ काढून जोड दाखवला होता, मी तो लपवला."

"आई पोराला पदराखाली घेतेय," पुंडलिक म्हणाले. "चल रे ऋत्विक."

रोहिणीने थिनरचा डबा उचलला. निलेश ओरडला, "आई, गरम हाय ते! थिनर पेट घेईल!"

"थंड होऊ दे," ऋत्विक म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. "जोड बघूनच जाऊ, काका."

चहा आला, तो तसाच निवला. इंजिनाला हात लावता येऊ लागला तेव्हा रोहिणीने फडकं भिजवलं. रंग गेला. लोखंडी पट्टीने पुट्टी खरवडली. जोड वर आला, पण वरून गुळगुळीत झालेला.

निलेश वाकला. "आई, जोडावर पेपर घासलास?"

"घासला."

"किती जोर लावून?"

तिला सांगता येईना. तो ऋत्विककडे वळला. "काल मी या जोडाची खात्री दिली असती. आता नाय देत, घासून पातळ झाला असेल. तुझ्यासमोर तपासतो. गळला तर भंगारात टाकतो."

त्याने पाण्याच्या वाटा बंद करून पंपाने आत हवा भरली, दाबाचा काटा चढवला आणि जोडावर साबणाचं पाणी सोडलं. चौघांची डोकी एकत्र आली. एक बुडबुडा फुगला. रोहिणीने डोळे मिटले.

"फेस हाय तो," निलेश म्हणाला. पुसून पुन्हा पाणी सोडलं. जोड कोरडा ठणठणीत. काटा जागचा हलेना. मग इंजिन पुन्हा चालवलं, तापवलं, निवू दिलं आणि पुन्हा तीच परीक्षा. पुंडलिकांनी स्वतः साबण लावून पाहिला आणि हात पुसत म्हणाले, "नाय गळत."

"मार्कर कुठाय?" ऋत्विकने विचारलं. "ते वर्तुळ परत काढ. असंच नेतो."

इंजिन पिकअपमध्ये चढलं. निलेश पट्टे आवळत होता. काम झालं होतं, तरी रोहिणीचा पाय तिथून निघेना. हे इंजिन आता घाटात, कुणाच्या तरी मुलाच्या पायाखाली पळणार होतं.

"ऋत्विक, घरी गेल्यावर तुझ्या आईला ही जागा दाखव हां."

तो ओशाळला. "काकू, आईला मी शर्यतीत उतरतो तेच माहीत नाय."

"मग आधी ते सांग," रोहिणी म्हणाली. "जोड नंतर दाखव."