मामांच्या टोपीला खळ

आमच्या घाटनांदूरच्या घरात पांढऱ्या टोप्यांचं एक गाठोडं आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा लग्नाला गेले, बारशाला गेले, कुणाच्या दुखवट्याला गेले, की टोपी-टॉवेलाचा आहेर घेऊन परत येतात. टॉवेल निदान ओटा पुसायला लागतात. टोप्यांचं काय करायचं? सगळ्या पातळ कापडाच्या, सगळ्या एकाच मापाच्या, आणि मामांचं डोकं मोठं. आहेराची टोपी त्यांच्या डोक्यावर घागरीवर ठेवलेल्या वाटीसारखी दिसते. ती मानासाठी असते, डोक्यासाठी नसते, हे मला या घरात आल्यावर कळलं. बरं, कुणाला देऊन टाकावं म्हटलं तर तेही नाही. "मानाची हाय, असू दे," म्हणतात.

त्यामुळे रोजची टोपी एकच. ती मापाने शिवून देणारा शिंपी दुकान बंद करून मुलाकडे पुण्याला गेला, तेव्हापासून तर त्या टोपीला सोन्याचा भाव आलाय. आणि ती धुते कोण? मी.

मामांच्या डोक्यावर केस नाहीत, पण खोबरेल तेल मात्र रोज. ते तेल, घाम आणि शेतातली धूळ मिळून टोपीच्या आतल्या काठाला जो मेणचट काळा पट्टा बसतो, तो नुसत्या साबणाला दाद देत नाही. आधी भांड्यांचा साबण लावून दातांच्या जुन्या ब्रशाने हलक्या हाताने घासायचं. मग लिंबू-मीठ. पिळायची अजिबात नाही, नाहीतर घडी मोडते. मग थेंबभर नीळ, मग साबुदाण्याची खळ, आणि पालथ्या पातेल्यावर वाळत घालायची. पूर्ण वाळायच्या आत, दमट असतानाच इस्त्री. एवढं करून हातात द्यावी, तर मामा ती उजेडात धरून बघतात, जसं काही मी नोट दिलीय आणि ती खोटी असू शकते.

त्या शनिवारी तर त्यांनी कहर केला. रविवारी पाटोद्याला माझ्या मुलीच्या सोयरिकीची बैठक होती. मुलगा चांगला होता, माणसं चांगली होती. पण त्यांना लग्नाची घाई होती आणि मुलीचं अंबाजोगाईला नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. "आबा, परीक्षा झाल्यावरच लग्न, एवढं बोला," असं तिने फोनवर आजोबांना बजावलं होतं. वडिलांना नाही बजावलं, कारण माझ्या नवऱ्याचं तोंड पाहुण्यांपुढे फक्त चहासाठी उघडतं. सगळी भिस्त मामांवर. आणि मामांना काळजी कशाची, तर टोपीची.

"काठ पिवळा दिसतोय," म्हणून एकदा परत आली. पुन्हा लिंबू, पुन्हा ऊन. मग "खळ कमी पडली, लोळतीय," म्हणून परत आली. पुन्हा साबुदाणा शिजवला. इस्त्री गरम होते न होते तोच लाईट गेली. शेवटी स्टीलच्या तांब्यात उकळतं पाणी भरून त्याच्या बुडाने ती टोपी दाबत बसले. हाताला चटके बसत होते आणि डोकं तर आधीच तापलेलं.

"मामा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही टोपीचं काय घेऊन बसलात? पाहुणे नवी देतीलच की," मी बोलून गेले.

"म्हणून तर," एवढंच म्हणाले आणि तांब्याकडे बोट दाखवलं. "डावीकडं सुरकुती हाय."

मला तो तांब्या आपटावासा वाटला.

आमच्याकडे बैठकीची रीत अशी की बोलणं ठरलं की मग कुंकू लावून टोपी घालतात. टोपी डोक्यावर चढली की विषय मिटला. त्यानंतर अटी काढणाऱ्याला लोक नावं ठेवतात. पाटोद्याला आम्ही जाऊन बसलो, पाणी झालं, आणि मुलाचे वडील कुंकवाचं ताट, टॉवेल आणि टोपी घेऊन थेट मामांपुढे आले. "बोलणं काय, हुतंच राहील. आदी मान घ्या," ते हसत म्हणाले. मी बायकांबरोबर आतल्या दाराशी बसले होते. नवरा सतरंजीकडे बघत होता.

मामांनी एक हात वर करून स्वतःच्या टोपीवर ठेवला. कडक, पांढरीशुभ्र टोपी. तिच्याकडे बघून कुणी म्हणू शकत नव्हतं की म्हाताऱ्याला नवीची गरज आहे.

"ही आजच घातलीय, चांगली हाय," ते म्हणाले. "तुमची बी घिऊ. पर आदी पोरीचं बोलू. परीक्षा झाल्याबिगर आमी तारीक धरनार न्हाई. तुमाला चालत आसंल तर घाला टोपी."

ताट तसंच हवेत राहिलं. मुलाच्या वडिलांनी मुलाकडे बघितलं. मुलाने होकाराची मान हलवली, हे मात्र त्याचं मला फार आवडलं. "बरं, हू द्या परीक्षा," वडील म्हणाले. तेव्हा कुठे मामांनी माझी टोपी काढली, कुंकू लावून घेतलं आणि पाहुण्यांच्या वाटीएवढ्या टोपीखाली डोकं वाकवलं.

परतताना जीपमध्ये त्यांनी आपली टोपी माझ्या हातात दिली. निघताना ती पुन्हा कुंकवाच्या कपाळावर ओढली होती, त्यामुळे पुढच्या काठावर कुंकवाचा चांगला अंगठाभर डाग. एवढा घाम गाळून कडक केलेली टोपी, आणि ती एका दुपारी अशी करून आणली. मी चिडलेच.

"आता हा डाग कसा जायचा? कुंकवात हळद असते, साबण लावला की आणखी लाल होतो."

मामांनी डाग अंगठ्याने चोळून बघितला. मग म्हणाले, "तुज्या नणंदेच्या बैठकीला मी शेतातून तसाच गेलतो. टोपी लई मळकी. त्यांनी बसल्या बसल्या नवी घातली. मग मला तोंडच उघडता आलं न्हाई. पोरगी दहावीत हुती. हुशार हुती."

नणंदबाई परवाच येऊन गेल्या होत्या. माझ्या मुलीची पुस्तकं चाळत बसल्या होत्या.

मी टोपीची घडी केली आणि डाग आतल्या बाजूला घेतला. घरी येऊन ती उन्हात टाकली. थोडा डाग अजून आहे. मामा तीच घालतात, आणि परवा पुन्हा परत आली, खळ कमी पडली म्हणून.