आकडा नसलेली नोंद

बुद्धप्रियानं पाहिलं म्हणजे काम झालं, असं लातूरच्या त्या कंपनीत सगळेच म्हणायचे. कंपनी तरी केवढी? औसा रोडला हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला, सहा माणसं आणि मालक बसलिंगप्पा. मूळचे निलंग्याचे. जनावरांच्या लशी ज्या खोल्यांत ठेवतात, तिथल्या थंडाव्यावर नजर ठेवणारी प्रणाली ही कंपनी करायची. लस दोन ते आठ अंशांतच राहायला हवी. पारा आठाच्या वर गेला की खोली सांभाळणाऱ्याच्या फोनवर घंटा वाजायची.

बुद्धप्रिया सोनकांबळे मुदखेडची. वडील रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, आता हयात नाहीत. नांदेडला पॉलिटेक्निक आणि पुढं इंजिनिअरिंग करून ती लातूरला आली, त्याला सात वर्षं झाली. तिचं काम म्हणजे चाचण्या लिहिणं. प्रणालीला खोट्या नोंदी द्यायच्या, ती बरोबर वागते का ते संगणकानंच तपासायचं. सगळ्या चाचण्या पास झाल्या की पडद्यावर हिरव्या ओळींची रांग लागायची. ती लागल्याशिवाय कुठलाही बदल बाहेर जात नसे.

त्या सोमवारी तिनं एक नवा नियम चालू करून पाहिला. चाचण्यांमध्ये ‘अ‍ॅज’ हा शब्द किती ठिकाणी आहे ते हा नियम मोजत होता. त्या संगणकभाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगावा लागतो. तापमानाची नोंद म्हटली की तिच्यात थंडावा मोजणाऱ्या पेटीचा क्रमांक हवा, वेळ हवी, अंश हवेत. एखादी गोष्ट राहिली की संगणक लगेच तक्रार करतो. पण पुढं ‘अ‍ॅज’ लावून प्रकाराचं नाव लिहिलं की तो गप्प बसतो. त्याचा अर्थ एवढाच, ‘ही नोंद पुरी आहे असं समज, जबाबदारी माझी.’

आकडा आला तीनशे बारा. त्यातल्या जवळपास सगळ्या ओळींपुढं तिचंच नाव होतं.

तिचे कान तापले. ती लगेच कामाला लागली. आधी तिनं पुरी नोंद तयार करून देणारा एक छोटा कोड लिहिला, मग एकेका चाचणीतली अर्धवट नोंद काढून तिथं पुरी बसवायला सुरुवात केली. काम कंटाळवाणं होतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत दीडशे झाल्या आणि एकीतूनही काही वावगं निघालं नाही. उगीच घाबरले, असं तिला वाटायला लागलं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास ती एका चाचणीवर येऊन थांबली. नाव होतं ‘वायर निघाली तर’.

ही तिला चांगली आठवत होती. महिन्यापूर्वी नव्या पेट्या आल्या होत्या, थंडावा मोजून आकडा पाठवणाऱ्या. माहितीपत्रकात वायर निघाल्यावर पेटी काय पाठवते त्याचा नमुना होता, तो तिनं जसाच्या तसा चाचणीत टाकला. त्यात अंशच नव्हते. संगणकानं तक्रार केली होती. पण त्या दिवशी आई सुमनबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला होतं आणि हिला एसटी गाठायची होती. तिनं ‘अ‍ॅज’ लावला, प्रणाली बंद पडत नाही एवढंच तपासलं, हिरवी ओळ पाहिली आणि निघाली.

आता तिनं तो शब्द खोडला. तक्रार परत उमटली, ‘अंश नाहीत.’

‘हे मला तेव्हाच सांगत होतं,’ ती मनाशी म्हणाली.

तिनं नवी पेटी बसलेल्या लोहा गावच्या लसखोलीत फोन लावला. तिथं व्यंकट असायचा, लई हौशी माणूस.

“व्यंकटभाऊ, एक काम करा. पेटीची वायर काढा जराशी.”

“काढू? घंटा बोंबलंल की, मॅडम.”

“बोंबलू द्या.”

थोडा वेळ गेला. “काढली. पण वाजंना. पडद्यावर ‘ठीक’ दिसायलंय. हे कसं काय हो?”

कसं, ते बुद्धप्रियाला तोवर कळलं होतं. जुन्या पेट्या वायर निघाली की काहीतरी वेडावाकडा मोठा आकडा पाठवायच्या, म्हणून घंटा वाजायची. नव्या पेट्या आकडाच पाठवत नव्हत्या. जो आकडाच नाही तो आठाहून मोठा आहे का, असं प्रणाली विचारत होती. उत्तर ‘नाही’ असं यायचं आणि ती ‘ठीक’ म्हणून मोकळी व्हायची.

नव्या पेट्या चार ठिकाणी बसल्या होत्या. लोहा, अहमदपूर, उदगीर आणि मुदखेड. सोमवारी आणखी दहा जागी जायच्या होत्या.

सांगणं भाग होतं. ती बसलिंगप्पांच्या टेबलाशी गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, एसटीच्या घाईसकट.

“म्हणजे मागल्या महिन्यात तू बघितलंच न्हाई?” ते म्हणाले.

“बघितलं नाही, सर. बघितल्यासारखं केलं.”

त्यांचा चेहरा उतरला. मग एकदम फोन उचलून ते म्हणाले, “बोलणं मागनं. आधी खोल्या बघू. आत काचेचा थर्मामीटर असतो ना? त्याच्यावर आकडा काय हाय ते विचारायचं. अहमदपूर, उदगीर मी बघतो, मुदखेड तू घे. लोह्याची वायर लावायला सांग.”

व्यंकटनं वायर लावली, काचेचा आकडाही सांगितला, पाच. अहमदपूरची वायर जागेवर होती. उदगीरचीही होती. मुदखेडचा फोन बराच वेळ वाजत राहिला, मग गौरम्मानं उचलला. देगलूरकडची बाई, लसखोली एकटी सांभाळायची.

“गौरम्माबाई, पेटीची वायर बघा बरं. लागलेली हाय का?”

“थांबा.” पावलांचा आवाज आला. “न्हाई की! लोंबायली. परवा झाडून काढलं, तवाच निघाली आसंल. पडद्यावर तर ठीक म्हणतंय बघा.”

दोन दिवस. त्या खोलीत शेळ्यामेंढ्यांच्या लशी होत्या, पुढच्या आठवड्यात मुदखेड आणि भोकरच्या गावांत टोचायच्या. लस गरम होऊन वाया गेली तरी वरून ओळखू येत नाही. टोचणारा टोचून जातो, शेळीचा मालक निर्धास्त राहतो आणि शेळी मात्र रोगाला उघडीच राहते.

“आतला काचेचा बघा. आणि त्याच्या शेजारची ती लाल खूण बघा, जास्तीत जास्त किती झालं त्याची. ती परत खाली कधी आणली होती?”

“सोमवारी आणली. दर सोमवारी आणते मी.” दार उघडल्याचा आवाज आला. बसलिंगप्पा आपला फोन ठेवून शेजारी येऊन उभे राहिले होते.

“आता साडेपाच हाय,” गौरम्मा म्हणाली. “आन् ती खूण... चष्मा घालू द्या. सातावर हाय. सात.”

“नक्की सात?”

“अवो, माझे डोळे हायेत की! सात म्हणजे सातच. आठाला शिवलं न्हाई.”

बुद्धप्रिया मटकन खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. “सात, सर,” एवढंच ती म्हणाली. बसलिंगप्पांनी सगळ्यांसाठी खाली चहा सांगितला.

दुपारभर ती जागची हलली नाही. नोंदीत अंश असतील किंवा ‘आकडा नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, असं करून तिनं नोंदीचा प्रकारच बदलला. बाहेरून येणारी प्रत्येक नोंद आत घेण्याआधी खरोखर उघडून पाहणारी तपासणी लिहिली. आकडा नसला तर घंटा वाजलीच पाहिजे, अशी चाचणी घातली. चूक पकडून ती आधी लाल झाली, आणि त्या लाल ओळीचा तिला इतका आनंद झाला की तिनं शेजारच्या दोघांना बोलावून दाखवली. मग दुरुस्ती केली आणि ओळ हिरवी झाली.

चारच्या सुमारास तिनं व्यंकटला परत वायर काढायला लावली.

फोनमधूनच घंटा ऐकू आली. “वाजायली, मॅडम!” व्यंकट ओरडून बोलत होता. “लई वाजायली! आता बंद कशी करू ते सांगा!”

संध्याकाळी बसलिंगप्पांनी तिला बोलावलं. दुपारपासून ती या बोलावण्याची वाट पाहत होती.

“मी पण ती चाचणी वाचली न्हवती,” ते म्हणाले. “बुद्धप्रियानं बघितलं म्हणून सही केली. म्हणजे मीबी तेच केलं, न्हाई का? सोमवारचं पुढं ढकललंय मी. राहिलेल्या किती?”

“एकशे एकसष्ट.”

“सावकाश कर. आणि हितून पुढं तुझ्या चाचण्या मी वाचणार, माझ्या तू. घाई असली तर सरळ म्हण, जमत न्हाई. एसटी चुकली तर मी गाडीनं सोडतो.”

ती “हाव, सर,” म्हणाली आणि आपल्या जागेवर आली. सकाळपासून डबा उघडलाच नव्हता. ज्वारीची भाकरी वाळून कडक झाली होती, शेंगदाण्याची चटणी तेवढी चांगली होती. तिनं सगळी भाकरी खाल्ली.

राहिलेलं काम तीन आठवडे चाललं. अकरा ठिकाणी तो शब्द ठेवावाच लागला, तिथं तिनं प्रत्येकापुढं का ठेवला ते मराठीत लिहून ठेवलं. त्या शेवटच्या शुक्रवारी ती साडेपाचलाच निघाली आणि मुदखेडला आईकडे पोचेपर्यंत एसटीत झोपून गेली.