सुरेखाची बाटली फुटली नव्हती

सुरेखाची बाटली फुटली नव्हती.
मी ती मोरीत ओतली होती.

माझ्या मुलीला जाऊन आज बरीच वर्षं झाली. दर वर्षी या दिवशी लिहायचं ठरवतो आणि हात मागे घेतो. शिक्षण सातवी. काही चुकलं तर लोक हसतील, ही धाकधूक.
आज हसा.

दोन हजार सालानंतरचे दिवस. सुरेखा पुण्याला पीएच.डी. करायची. मी येडगावला डेअरीत दूध तपासायला होतो.

एका मे महिन्यात ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली छोटी बाटली घेऊन घरी आली. आत तांबूस पाणी.

"आण्णा, यात जेलीचे कण हायेत. डोळ्याला दिसायचे न्हाईत एवढे बारीक. त्यांच्या पोटात लोखंडाचे त्याहून बारीक कण."

जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक तिनं बाटलीला लावलं. थोड्या वेळानं सगळा तांबूसपणा त्या बाजूला सरकला. मी बघतच राहिलो.

"यात औषध भरायचं, चुंबकानं दुखऱ्या जागी न्यायचं. तिथं ऊब दिली की कण आकसून औषध सोडत्यात."

"आन हे नासलं तर?"

"नासायला ते काय तुमच्या डेअरीतलं दूध हाय व्हय?"

सहा महिन्यांचं काम होतं ते. सोमवारी सरांना दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर घोडेगावला लग्नाला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "फडकं ओलं ठेवा."

मी विसरलो.

दुपारी पत्रा तापला. फडकं कोरडं ठक्क. बाटलीत बघतो तर चोथा तळाला, पाणी वर.

डेअरीत आम्ही शंका आली की दूध नळीत घेऊन उकळायचो. फाटलं की परत. जन्मभर हेच केलेलं. मला वाटलं, पोरीचं सॅम्पल माझ्या हातून नासलं. आता हिला काय तोंड दाखवू?

ओतून दिलं.

संध्याकाळी ती आल्यावर म्हणालो, "फुटली गं. हातातून सटकली."

ती मटकन खाली बसली. तिची नजर घरभर फिरली. मग म्हणाली,
"असू द्या, आण्णा. काच लागली न्हाई ना?"

मी उठून अंगणात गेलो.

तिनं सगळं पहिल्यापासून केलं. पदवीही मिळवली. पण दोन वर्षांनी कावीळ झाली, ती उतरलीच नाही.

दवाखान्यात एका संध्याकाळी तिनं विचारलं, "आण्णा, बाटली फुटली नव्हती ना?"

मी तिच्या पायांवरची चादर सारखी करू लागलो.

"फळीवर पालथी व्हती. सोड्यानं धुतलेली. तवाच बघितली मी."

डेअरीची सवय. बाटली रिकामी झाली की धुऊन पालथी. खोटं बोलतानाही हात थांबले नव्हते.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं तोंड बघून." मग हसली. "आवो, नासलं नव्हतं ते. गार पाण्यात धरलं असतं तर कण पुन्हा फुगले असते. पहिल्यासारखं झालं असतं सगळं."

दोन दिवसांनी सकाळी तिचा हात गार लागला.
मी तो दोन्ही हातांत धरून चोळत बसलो. नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, सोडा आता."

बाटली अजून फळीवर आहे. पालथीच.

पोरी, काच लागली नव्हती गं.
एवढंच सांगायचं राहिलं होतं तुला. तुझा आण्णा.