केतकीचे मोदक कोणी खाल्ले?

मंडळी, दुपारपासून मन उदास आहे, म्हणून लिहितोय.

मित्राची नात केतकी पुण्याहून एक्स्चेंजवर दुबईत पाककला शिकायला आलीय. आज ती आमच्याकडे अल नहदाला आली. परीक्षेत तिने उकडीचे मोदक केले होते. शेफनी एक कापून चाखला, "गुड" म्हणाले, बाकीचे कचऱ्यात गेले. तिथला नियमच तसा.

"घरी तरी आणायचेस गं."

"अलाउड नाही, आजोबा."

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. "कळ्या जमल्या का? खाल्ले सगळ्यांनी?"

"हो आई. आजोबांनाही दिले," म्हणत तिने फोन माझ्याकडे दिला.

मी फोन कानाला लावला. म्हणालो, "दोन खाल्ले मी. तुमच्याच हातची चव."

केतकी तोंड फिरवून रडत होती.

तुम्ही काय सांगितलं असतं?