तिच्या हातातलं मीटर

भंडाऱ्यातल्या त्या तीन मजली इमारतीचे एसी अकरा वर्षं मी सांभाळले. खाली कपड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर विम्याचं ऑफिस, वर कोचिंग क्लास. कोणाला घुसमटलं, कोणाचं डोकं दुखलं की पहिली हाक मला. "काका, पाहा ना जरा," एवढं ऐकलं की मी शिडी घेऊन हजर. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

मग इमारतीच्या मालकांनी जवाहरनगरची एक मुलगी हवा तपासायला ठेवली. तिच्याजवळ तळहाताएवढं मीटर होतं. माणसांच्या श्वासाने खोलीतली हवा किती जड झाली, त्याचा आकडा त्यावर दिसे. आठवड्याभरात सगळे तिच्याभोवती. "मॅडम, माह्या टेबलाजवळ किती आला?" मला कोणी विचारेना. माझा नुसता जळफळाट. आकडा रोज चढत होता आणि कारण तिला सापडत नव्हतं, याचाच काय तो आनंद.

दिवाळीनंतर एका सकाळी तिने विचारलं, "काका, बाहेरची हवा आत घ्यायची जाळी गच्चीवर आहे ना? पाहावं लागते एकदा."

ती जाळी मीच मे महिन्यात गोणपाट कोंबून बंद केली होती. उन्हाळ्यात फट दिसली की बुजवायची, ही आमची घरची सवय. झळ आत आली की एसी थंड करत नाही म्हणून लोक ओरडायचे. पुढे ते काढायचं राहूनच गेलं. म्हणजे सहा महिने लोकांची डोकी मीच दुखवत होतो.

"तुम्ही कायले चढता मॅडम, मीच पाहून येतो," म्हणत मी धावलो. गोणपाट उपसून पाण्याच्या टाकीमागे टाकलं. वळलो तर ती जिन्याच्या दारात उभी. टाकीमागे एक नजर टाकून ती खाली गेली.

दुपारपर्यंत आकडा उतरला. मालक विचारायला आले. नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो.

"काकांनी शोधलं जी," ती म्हणाली. "गच्चीवरची जाळी बंद झाली होती. मले तर समजलंच नव्हतं."

मालकांनी माझी पाठ थोपटली. विम्याच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "शेवटी काकाच कामी आले." मी हात जोडून हसलो. तिच्या जागी मी असतो आणि माझ्या जागी ती, तर मी तिला सर्वांसमोर उघडी पाडली असती. हे मला तिथंच, हसता हसता कळलं, आणि तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.